दहा गोलांचे खापर

पराभव झाला की खापर फोडायला एक डोके लागते. घरात, बाजारात, निवडणुकीत हेच चालते. मैदानावर ते हजारो लोकांसमोर चालते, एवढाच फरक. फुटबॉलमध्ये हे डोके बहुधा प्रशिक्षकाचे असते. अकरा खेळाडूंना एकदम काढता येत नाही, फेडरेशनचे पदाधिकारी स्वतःला काढून घेत नाहीत. उरतो एकटा प्रशिक्षक.

१४ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री आमचा भाचा तणतणत आमच्यासमोर येऊन बसला. मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारताचा संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला होता. छांगतेने पहिला गोल करून दिलेली आघाडी संघाला टिकवता आली नव्हती. २०२७ च्या आशियाई चषकाचे दार त्या रात्रीच बंद झाले. भाचा म्हणाला, "मामू, ह्या कोचला आता घरी पाठवायलाच पाहिजे." हा कोच म्हणजे खालिद जमील. मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळलेला, मुंबई एफसीला अनेक वर्षे घडवलेला आणि २०१७ साली ऐझॉलसारख्या लहान गावच्या संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून देणारा माणूस. आम्ही भाच्याला विचारले, "तू 'मैदान' पिक्चर पाहिलास ना? मग सांग, हेलसिंकीत दहा गोल खाल्ल्यावर रहीमसाहेबांना घरी पाठवायला पाहिजे होते की नाही?" तो गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्यात जो प्रश्न आहे, त्याचाच शोध आम्ही येथे घेणार आहोत. राष्ट्रीय संघ एखाद्या स्पर्धेत हरला तर दोष प्रशिक्षकाचा मानायचा का? आणि मानायचा तर किती?

सय्यद अब्दुल रहीम हे नाव २०२४ साली आलेल्या 'मैदान' चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले. त्याआधी ते हैदराबाद आणि कोलकात्याच्या जुन्या फुटबॉल शौकिनांपुरतेच उरले होते. १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत त्यांचा जन्म झाला. ते उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि पेशाने शाळामास्तर. आमच्या मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना हे हैदराबाद परके नव्हते. १९५६ पर्यंत औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड हे जिल्हे त्याच राज्यात होते, आणि शिकायचे म्हटले की पोरे उस्मानियाचाच रस्ता धरीत. १९५० च्या सुमारास रहीमसाहेबांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हाती घेतला. या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. मार्च १९५१ मध्ये दिल्लीला पहिले आशियाई सामने झाले, तेव्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकही तेच होते. अंतिम सामन्यात मेवालालच्या एकमेव गोलावर भारताने इराणला हरवून सुवर्णपदक मिळवले.

एवढे यश पदरी घेऊन संघ पुढच्या वर्षी फिनलंडला गेला. १५ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत युगोस्लाव्हियाशी गाठ पडली. निकाल १-१०. एकट्या झेबेकने चार गोल केले. भारताचा एकुलता गोल अहमद खानने केला, तोही सामना संपता संपता. आशियाचा विजेता संघ एका सामन्यात स्पर्धेबाहेर गेला.

आता हिशेब मांडू. या दहा गोलांतले प्रशिक्षकाच्या खात्यावर किती टाकायचे?

आपले अनेक खेळाडू त्या दिवशी अनवाणी खेळले. देशातल्या टणक, कोरड्या मैदानांवर अनवाणी पाय हा दुबळेपणा नव्हता. चेंडूवर ताबा ठेवायला पायाची बोटे कामी येत आणि पळण्यात चपळाई राही. पण उत्तर युरोपातल्या थंड हवेत आणि ओलसर गवतावर, बूट घातलेल्या धिप्पाड बचावपटूंसमोर हेच पाय निसरडे झाले. शिवाय आपल्या देशातले स्पर्धांचे सामने तेव्हा नव्वद मिनिटांपेक्षा कमी वेळेचे असत. ज्याला साठ-सत्तर मिनिटे पळायची सवय आहे, त्याची शेवटची वीस मिनिटे कशी जातात हे सांगायला तज्ज्ञ नको. त्यातून निवडीचे काम एकट्या प्रशिक्षकाचे नव्हते, त्यात फेडरेशनची निवड समिती होती. आणि समोरचा संघ कोण होता? १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा रौप्यपदक विजेता. हेलसिंकीतही तो अंतिम फेरीत गेला आणि त्या काळच्या अजिंक्य हंगेरीपुढेच ०-२ ने नमला.

ही सारी कारणे खरी आहेत. पण ती सांगून रहीमसाहेबांना साफ सोडून देणे आम्हांला प्रामाणिक वाटत नाही. युरोपात हवा थंड असते हे कुणाला माहीत नव्हते असे नाही. १९४८ साली लंडनला आपण अनवाणीच खेळलो होतो आणि दोन पेनल्टी वाया घालवून फ्रान्सकडून १-२ असे हरलो होतो. थोडक्यात हरलेल्या त्या सामन्याने अनवाणी फुटबॉलचे कौतुक वाढवले आणि धोका झाकला. चार वर्षांनंतर त्याच तयारीने संघ पुन्हा युरोपात उतरला, याची काही जबाबदारी प्रशिक्षकावर येतेच. दहा गोल म्हणजे नशिबाचा फेरा नव्हे. तयारीत कुठेतरी खोट होती.

तेव्हा दोष होता. पण दोष असणे ही एक गोष्ट आणि त्या दोषाचे काय करायचे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट समजून घ्यायची तर त्याच ऑलिम्पिकमधल्या आणखी एका पराभवाकडे पाहावे लागते.

भारताला हरवणाऱ्या युगोस्लाव्हियाची पुढची गाठ पाच दिवसांनी, २० जुलैला, सोव्हिएत संघाशी पडली. हा सामना नुसता फुटबॉलचा नव्हता. १९४८ पासून स्टालिन आणि टिटो यांच्यात उघड वैर होते. सोव्हिएत देश ऑलिम्पिकमध्ये प्रथमच उतरला होता आणि त्याला टिटोच्या संघाकडून हरायचे नव्हते. सामना विलक्षण झाला. सोव्हिएत संघ १-५ ने मागे पडला आणि तिथून त्याने ५-५ अशी बरोबरी साधली; सामन्यात बोब्रोवने एकट्याने तीन गोल केले. दोन दिवसांनी फेरसामना झाला, त्यात मात्र तो १-३ ने हरला.

या संघाचे प्रशिक्षक होते बोरिस अर्काद्येव. मॉस्कोच्या लष्करी संघाला, म्हणजे पुढे सीएसकेए या नावाने प्रसिद्ध झालेल्या संघाला, त्यांनी १९४६ ते १९५१ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. फुटबॉलच्या डावपेचांवर विचार करणारा हा विद्वान माणूस होता. ऑगस्ट १९५२ मध्ये सरकारी हुकूम निघाला. लष्करी संघ बरखास्त झाला. अर्काद्येव यांना दिलेली सन्मानाची पदवी काढून घेतली गेली. काही खेळाडूंच्या पदव्याही गेल्या. ऑलिम्पिकच्या चमूत या क्लबचे खेळाडू मोजकेच होते, तरी सारा क्लब मोडला आणि त्याचे खेळाडू इतर संघांत पांगले.

एकच महिना, एकच स्पर्धा, हरवणारा संघही एकच. सोव्हिएत संघ दोन सामन्यांत मिळून आठ गोल खाऊन हरला, त्यातही एकदा त्याने बरोबरी साधली. भारताने एकाच सामन्यात दहा खाल्ले. अर्काद्येव यांचा क्लब मोडला. रहीमसाहेब मात्र नंतरच्या वर्षांत पुन्हा भारताच्या संघाबरोबर उभे दिसतात.

कुणी म्हणेल, शिक्षेचा धाक उपयोगी पडलाच की! १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाने युगोस्लाव्हियालाच १-० ने हरवून सुवर्णपदक मिळवले. पण मधल्या काळात काय झाले तेही पाहावे. मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारला. १९५४ साली मोडलेला लष्करी संघ पुन्हा उभा केला गेला. पदवी गमावलेल्यांपैकी बशाश्किन हा बचावपटू मेलबर्नच्या अंतिम सामन्यात खेळला. ज्यांना गुन्हेगार ठरवले होते, त्यांच्यावाचून काम भागले नाही. शिक्षेने संघ घडला नाही. शिक्षा मागे घेतल्यावर तो घडला.

आता आपल्या बाजूला या. हेलसिंकीनंतर फेडरेशनने बूट सक्तीचे केले. रहीमसाहेबांनी हैदराबादच्या मैदानावर आपली तालीम चालू ठेवली. ते हाडाचे शिक्षक होते. पोरांना चेंडू घेऊन एकट्याने पळायची हौस, म्हणून ते चेंडू न अडवता लगेच साथीदाराकडे देण्याच्या स्पर्धा भरवीत. ज्याचा उजवा पाय चालतो त्याला डावाच पाय वापरायला लावणारे सामने घेत. अशा गोष्टींचे फळ एका स्पर्धेत दिसत नाही.

फळ दिसले चार वर्षांनी मेलबर्नला. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. त्यात तीन गोल नेव्हिल डिसूझाचे, म्हणजे गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणाऱ्या गड्याचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य फेरीत पुन्हा समोर उभा राहिला युगोस्लाव्हिया. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला नेव्हिलनेच गोल करून भारताला १-० अशी आघाडी दिली. पुढे आपण १-४ ने हरलो, कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियानेही ०-३ ने हरवले आणि भारत चौथा आला. पण १-१० पासून १-४ पर्यंतचे हे अंतर नीट मोजावे. हेलसिंकीच्या संघातले अझीझुद्दीन आणि नूर महंमद मेलबर्नच्या संघातही होते. म्हणजे माणसे सगळीच बदलली नव्हती. तयारी बदलली होती.

१९६० साली रोमला भारत गटातच बाद झाला. हंगेरीकडून १-२ ने हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून १-३ ने हार. नुसता तक्ता पाहणारा म्हणेल की गटात तळाला गेले, प्रशिक्षक बदला. पण ज्या हंगेरीशी एका गोलाने हरलो तिने त्या ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळवले, आणि फ्रान्सविरुद्धची आघाडी आपण शेवटच्या दहा मिनिटांत गमावली. तक्ता खोटे बोलत नाही, पण तो पुरते सांगतही नाही.

मग १९६२, जकार्ता. आशियाई सामन्यांत भारताने सुरुवातच हरून केली, दक्षिण कोरियाकडून ०-२. त्या रात्री देशात आजच्यासारखे मोबाइल असते तर काय काय लिहिले गेले असते! पुढे थायलंडला ४-१ ने हरवले, पण त्या सामन्यात जर्नेलसिंगचे डोके फुटले आणि टाके पडले. जपानला २-० ने हरवले. उपांत्य सामन्यात रहीमसाहेबांनी जर्नेलसिंगला, एका बचावपटूला, आघाडीवर उभे केले. डोक्याला जखम असलेल्या माणसाला बचावात पाठवण्यापेक्षा पुढे खेळवणे बरे, असा तो हिशेब. फसला असता तर सारे खापर त्यांच्याच डोक्यावर फुटले असते. तो फसला नाही. जर्नेलसिंगने गोल केला आणि दक्षिण व्हिएतनामवर ३-२ ने विजय मिळाला.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला पुन्हा दक्षिण कोरियाशी होता. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नव्हते. त्यावर भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता आणि त्यामुळे जकार्तातले वातावरण भारताविरुद्ध पेटले होते. लाखभर प्रेक्षक भारताच्या खेळाडूंची हुर्यो उडवीत होते. अशा मैदानात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले. भारत २-१ ने जिंकला. पहिल्या सामन्यात ज्यांनी हरवले त्यांनाच शेवटच्या सामन्यात हरवले. तेव्हा रहीमसाहेबांच्या फुप्फुसाला कर्करोगाने ग्रासले होते. अंतिम सामन्याआधी त्यांनी आपल्या शागिर्दांकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, असे त्या संघातले खेळाडू पुढे सांगत. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई सामन्यांतले फुटबॉलचे सुवर्ण भारताला मिळालेले नाही आणि १९६० नंतर ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये भारताचा संघ उतरलेला नाही. त्यानंतर प्रशिक्षक मात्र पुष्कळ आले आणि गेले, देशी आणि परदेशीही.

यावरून प्रशिक्षकाला कधी काढूच नये असा निष्कर्ष कुणी काढील तर तो आमचा नव्हे. सबुरी म्हणजे आंधळी माया नव्हे. इगोर स्टिमाक यांना २०१९ पासून पाच वर्षे मिळाली. दक्षिण आशियाई स्पर्धा त्यांनी दोनदा जिंकल्या. पण जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीला, आपल्याच घरात, अफगाणिस्तानकडून १-२ ने हार झाली. त्यानंतर ११ जून २०२४ ला, नेमक्या रहीमसाहेबांच्या स्मृतिदिनी, कतारविरुद्ध भारत आघाडीवर असताना सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून केलेला गोल पंचांनी मान्य केला. त्या दिवशी अन्याय झाला हे खरे. पण विश्वचषकाची वाट त्या एका गोलाने अडवली नव्हती, ती गुवाहाटीतच अरुंद झाली होती. स्टिमाक यांना काढले गेले, त्यात आम्हांला नवल वाटत नाही. पाच वर्षांनंतरही तीच दुखणी राहिली, तर वैद्य बदलावाच लागतो.

म्हणजे मोजपट्टी ही की माणसाच्या हातात काय दिले होते, आणि पराभवातून शिकून त्याने पुढे काय केले. हीच पट्टी आता खालिद जमील यांना लावा. ते ऑगस्ट २०२५ मध्ये आले. तोवर आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतले दोन सामने आधीच्या प्रशिक्षकाच्या कारकिर्दीत होऊन गेले होते. बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी आणि हाँगकाँगकडून ०-१ ने हार, म्हणजे दोन सामन्यांत एक गुण. गटातून पुढे जाणार होता एकच संघ. शिवाय व्यावसायिक करार रखडल्यामुळे इंडियन सुपर लीग त्या मोसमात वेळेवर सुरूच झाली नाही. खेळाडू सामने न खेळता राष्ट्रीय संघात येत होते. हे त्यांच्या हातात दिलेले होते. उलट बाजूही मांडू. मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवून त्यांनी सुरुवात चांगली केली. पण फातोर्ड्यात आघाडी घेऊन सामना गमावला, तो त्यांच्या खात्यावरचा. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडून ०-१ ने झालेली हारही त्यांचीच. हे दोष आहेत आणि त्यांचा जाब विचारला पाहिजे. पण आशियाई चषक हुकण्याचे सगळे खापर अडीच महिने आधी आलेल्या माणसाच्या डोक्यावर फोडणे म्हणजे इन्साफ नव्हे.

एक नाजूक गोष्ट आपापसांत बोलायची आहे, म्हणून या पानावर बोलतो. हरलेल्या माणसाचे नाव आपल्यातले असले की आपण दचकतो. कोण काय बोलेल याची धास्ती वाटते. ती उगीच नाही. १९८२ च्या आशियाई सामन्यांत दिल्लीला हॉकीच्या अंतिम फेरीत पाकिस्तानकडून भारत १-७ ने हरला, तेव्हा गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्यावर विकले गेल्याचा आळ आला. नाव नेगी असून ही गत. पुढे त्यांच्या आयुष्याशी ज्याची तुलना झाली त्या 'चक दे इंडिया' चित्रपटात नायकाचे नाव कबीर खान ठेवले गेले, आणि का ठेवले ते आपल्याला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

पण धास्तीपोटी आपण दुसरी चूक करतो. नाव आपले म्हणून त्याच्या चुकांवर पांघरूण घालतो. नावाकडे पाहून दोष लावणे जितके वाईट, तितकेच नावाकडे पाहून माफ करणेही वाईट. दोन्हींत माणसाचे काम बाजूला पडते. रहीमसाहेबांना १९५२ साली कुणी केवळ दया दाखवली असती तर १९६२ उगवले नसते. पोलीस कारवाईला चार वर्षेही पुरी झाली नव्हती आणि हैदराबादचा एक मुसलमान शाळामास्तर दहा गोलांचा पराभव घेऊन हेलसिंकीहून परतला होता. त्याचे काम पाहिले गेले आणि त्याला पुन्हा काम दिले गेले. आपण स्वतःसाठी आणि दुसऱ्यासाठी मागायचे ते एवढेच, की काम पाहा.

हे सगळे आम्ही भाच्याला सांगितले. तो सगळे ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे मामू, खालिदभाईंना दहा वर्षे द्यायची?" आम्ही म्हणालो, "दहा वर्षे कुणालाच आंदण देऊ नयेत. पण पुढच्या पराभवाच्या रात्री कोच कोण आहे हे विचारण्याआधी, त्या मोसमात आपली पोरे किती सामने खेळली तेवढे विचार." त्याने मोबाइल हातात घेतला आणि शोधू लागला. अर्ध्या तासाने तो परत आला तेव्हा त्याचा राग कोचवरून उठून फेडरेशनच्या कचेरीकडे निघाला होता. तिथेही तो न्यायाने पोहोचावा, एवढीच आमची दुआ.